विश्लेषण : लाल इशाऱ्याला सुट्टी, पिवळ्याकडे पाठ, मग विजेचे बळी थांबणार कसे?

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. मोबाइलवर संदेश येतो : जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे, पिवळा इशारा. आपण तो बोटाने बाजूला सारतो. पिवळाच तर आहे! लाल असता तर शाळांना सुट्टी मिळाली असती, वाहिन्यांवर पट्ट्या फिरल्या असत्या, गावाहून दोन फोन आले असते.

त्याच दुपारी कुठल्या तरी शिवारात कोणी उघड्यावरचा कांदा झाकायला धावलेले असते, कोणी शेळ्या घेऊन आंब्याखाली थांबलेले असते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी येतात. वीज पडून एकाचा मृत्यू, दोन बैल दगावले. पंचनामा झाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींमुळे ८,०६० जणांचे अपघाती मृत्यू झाले. त्यांतले २,८८७ विजेचे. म्हणजे तीनातला एक बळी विजेचा. पूर, दरडी, उष्माघात, थंडी यांपैकी एकही कारण एकट्याने इतके बळी घेत नाही. आणि ही सर्वात घातक आपत्ती आपल्यापर्यंत बहुतेक वेळा सर्वात सौम्य रंगात पोहोचते. हवामान खात्याला नावे ठेवून हा गुंता सुटणार नाही. रंग कशासाठी आहेत, ते कोणत्या हद्दीसाठी दिले जातात आणि ते मिळाल्यावर पुढे कोणी काय करायचे, या तिन्ही प्रश्नांत तो अडकलेला आहे.

रंगांचा अर्थ काय?

भारतीय हवामान विभागाचे चार रंग आता सर्वांना माहीत आहेत. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग घटनेची शक्यता किती आणि तिचा व्यापक परिणाम किती, या दोन्हींचा मेळ घालून ठरतात. पावसाच्या मोजमापाची वर्गवारीही ठरलेली आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार.

ज्याने साऱ्या जिल्ह्याचे व्यवहार कोलमडतील ते लाल, आणि जे चार ठिकाणी होऊन विरून जाईल ते पिवळे, असा याचा ढोबळ हिशेब. प्रशासनाच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण ज्याच्या शेतात वीज पडते त्याच्यासाठी ती 'चार ठिकाणी' पडलेली नसते.

त्यातून शब्दांचाही घोटाळा होतो. अंदाजातल्या 'तुरळक ठिकाणी' या शब्दांचा अर्थ अनेक जण 'तुरळक पाऊस' असा घेतात. खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव भाग केंद्रांवर. पाऊस किती जोराचा, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. तुरळक ठिकाणी ढगफुटीसारखाही कोसळू शकतो. हा खुलासा प्रत्येक संदेशात एका कंसात छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

वीज पिवळ्यातच का येते?

गडगडाटी ढग हा उंच असतो, रुंद नसतो. उन्हाने तापलेली जमीन, अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून आलेला ओलावा आणि वर थंड हवा असे जुळले की दुपारनंतर तो उभा वाढू लागतो आणि तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंची गाठतो. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. तासा-दोन तासांत खेळ आटोपतो. विदर्भ आणि मराठवाड्यात एप्रिलपासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत आणि नंतर परतीच्या पावसात हे दृश्य नेहमीचे. नेमका हाच काळ शेतीतल्या धावपळीचा असतो. आधी पेरणीची तयारी, नंतर सोयाबीनची काढणी.

असा ढग उद्या कोणत्या गावावर फुटेल हे आज सांगता येत नाही. 'जिल्ह्यात कुठे तरी' एवढेच सांगता येते, म्हणून रंग पिवळा. मात्र ढग उभा राहिल्यावर तो कुठे सरकतो आहे, हे रडार आणि वीज टिपणारी संवेदक यंत्रणा अर्धा-पाऊण तास आधी सांगू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे (आयआयटीएम) 'दामिनी' अ‍ॅप यावरच चालते. आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली, ते नकाशावर दिसते.

म्हणजे विजेबाबत खरा इशारा सकाळी मिळालेल्या रंगाचा नसून दुपारी हाती उरलेल्या अर्ध्या तासाचा असतो. हा अर्धा तास वापरला जातो का? अ‍ॅप चालायला फोन जवळ हवा, नेटवर्क हवे, लोकेशन सुरू हवे. खुरपणीला गेलेल्या बाईचा फोन बहुधा घरी मुलाच्या हातात असतो. सालगड्याचा असला तरी बांधावरच्या पिशवीत. इशारा देण्याचे तंत्र गेल्या दहा वर्षांत फार पुढे गेले. तो ऐकणारा मात्र शेतात पाठमोरा उभा आहे.

त्या अर्ध्या तासात काय करायचे?

पहिली गोष्ट, झाडाखाली थांबायचे नाही. पाऊस आला की झाडाकडे पळणे ही आपली पिढ्यांची सवय, आणि विजेचे कितीतरी बळी तिथेच जातात. वीज झाडावर पडते आणि बुंध्याजवळच्या माणसावर उडी घेते. नाही घेतली तरी मुळांजवळच्या जमिनीत पसरते. जमिनीत पसरणाऱ्या या प्रवाहामुळेच एका विजेत पाच-दहा जनावरे एकदम दगावतात. चार पायांमध्ये अंतर जास्त, त्यामुळे अंगातून जाणारा विद्युतदाबही जास्त.

दुसरी गोष्ट, खोपी, ताडपत्रीचा आडोसा, पत्र्याचा उघडा गोठा हे पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. पक्के घर किंवा काचा लावलेली, टपाची मोटार हाच निवारा. दुचाकी आणि ट्रॅक्टर उपयोगाचे नाहीत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. डोक्यावर पाऊस नसला तरी तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. बरेच जण पाऊस थांबला की लगेच बाहेर पडतात, आणि घात होतो.

जवळ काहीच निवारा नसेल तर दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसून, कान झाकून घ्यावेत. आडवे पडू नये. जमावाने एकत्र बसू नये.

मोबाइलमुळे वीज ओढली जाते हा गैरसमज आहे. चार्जरला लावलेला फोन कानाला धरणे मात्र धोक्याचे. आणि वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो, लावलाच पाहिजे. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर तिथल्या तिथे छाती दाबून सीपीआर सुरू करायचा आणि १०८ ला फोन करायचा. काही भागांत अशा माणसाला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात. त्यात जी मिनिटे जातात तीच जगण्या-मरण्याची असतात.

पुराचे गणित वेगळे का?

कोल्हापुरात पावसाळ्यात कोणी रंग विचारत नाही. 'आज राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?' असे विचारतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांवर गेले, २०२१ मध्ये ५६ च्याही पुढे. किती फुटांना कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या गल्लीत पाणी शिरते, चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे कधी सोडायची, हे त्या त्या ठिकाणच्या लोकांना ठाऊक असते. सांगलीत हेच काम आयर्विन पूल करतो. तिथे ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका.

माझ्या मते महाराष्ट्रातली सर्वात चांगली इशारा यंत्रणा हीच. एक आकडा, एक जागा, आणि त्या आकड्याला काय करायचे हे आधी ठरलेले. अर्थात, तीही पुरी पडली नाही. २०१९ मध्ये पाणी जुन्या खुणांच्या फार वर गेले, कारण लोक आणि प्रशासन दोघेही २००५ च्या पुराचा आकडा मनात धरून बसले होते. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची नाव उलटली ती उशिरा निघालेल्या माणसांच्या गर्दीने. तरीही फुटांची भाषा होती म्हणून हजारो लोक वेळेत बाहेर पडले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूरच्या माढा-मोहोळपासून धाराशिवच्या परंड्यापर्यंत गावे वेढली, तेव्हा तिथे ही भाषाच नव्हती. असण्याचे कारणही नव्हते. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांना पुराच्या खुणा कोण शिकवणार? लोकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. लाल रंग तेव्हाही फोनवर होता. पण आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी यायला नदी किती वाढावी लागते, हे रंगावरून कळत नाही.

जिल्हा हे माप कोणाच्या सोयीचे?

सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात वर्षभराचा पाऊस त्या एका दिवसाइतकाही होत नाही. साताऱ्याला लाल इशारा दिला की दहिवडीत लख्ख ऊन असते. पुणे जिल्ह्यात ताम्हिणी आणि बारामतीचे हेच. खाते आता पुणे-सातारा-नाशिकसारख्या काही जिल्ह्यांसाठी घाटमाथा वेगळा दाखवते, ही चांगली सुधारणा. पण बाकीच्या जिल्ह्यांत एकच रंग. तीनदा लाल येऊन शिंतोडाही पडला नाही, की चौथ्यांदा माणूस 'लांडगा आला रे आला' म्हणून सोडून देतो.

जिल्हा हे माप आले ते प्रशासनातून. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हा जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख. त्यामुळे इशारा त्याच्या हद्दीचा. ढगाला सातबारा नसतो, हे सगळ्यांना कळते, पण फाइल जिल्ह्याचीच असते.

आता यातली खरी विसंगती पाहा. पाऊस मोजायला महाराष्ट्राकडे जिल्ह्यापेक्षा कितीतरी बारीक जाळे आहे. 'महावेध' प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की तिथे अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे नुकसान झाल्यावर मोजणी मंडळाची, आणि नुकसान होण्याआधी सूचना जिल्ह्याची. मंडळात चार तासांत शंभर मिलिमीटर पडले, तर ते आकडे त्याच वेळी ओढ्याखालच्या गावांच्या फोनवर का जात नाहीत? ते भरपाईच्या तक्त्यात जाऊन बसतात.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला आहे. हद्द जितकी लहान, अंदाज तितका चुकण्याची शक्यता जास्त. हे खरे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू केला, मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीचे नवे प्रारूप आले. तरी गावनिहाय वादळ दोन दिवस आधी सांगण्याची हमी कोणी देणार नाही. पण इथे मागणी दोन दिवसांनंतरच्या अंदाजाची नाहीच. आत्ता पडत असलेल्या पावसाची आणि विजेची खबर खालच्या गावाला देण्याची आहे. त्याला अंदाज लागत नाही, फक्त कळवावे लागते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे सरकारने तेव्हा सांगितले. माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) नंतरही यादी हाच आधार होता, आणि यादीत नसलेल्याला वाली नव्हता. डोंगरावर सलग तीन दिवस किती पाऊस मुरला, हा आकडा त्या रात्री यादीपेक्षा जास्त उपयोगाचा ठरला असता.

वणव्याला इशारा कोण देतो?

वणव्याचे तर सगळेच उलटे. त्याचा इशारा आग लागल्यावर येतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आग टिपते आणि नोंदणी केलेल्यांना संदेश पाठवते. तो वनरक्षकाच्या फोनवर जातो. आग लावणाऱ्याच्या नाही.

आपल्याकडचे वणवे आपोआप क्वचितच लागतात. गडचिरोली-गोंदियात मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग देतात. सह्याद्रीत गवत चांगले येते या समजुतीने डोंगर पेटवतात. कोकणात भाजावळीची किंवा बांधाची आग हाताबाहेर जाते आणि शेजाऱ्याची आंबा-काजूची बाग खाक होते. हे करणारे लोक जंगलाचे शत्रू नाहीत, त्यांचे पोट त्यावर आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावरचे खारे वारे उशिरा येतात आणि पूर्वेचे कोरडे वारे दुपारपर्यंत वाहतात, त्या दिवशी काडी ओढायची नसते. उष्णतेच्या लाटेचा इशारा त्या दिवसांत येतोच. त्यातच 'आज बांध जाळू नका' एवढे चार शब्द घालता येतील. आजवर असा संदेश माझ्या तरी फोनवर आलेला नाही.

मग करायचे काय?

२०२३ मध्ये एके दिवशी देशभरातले फोन एकदम किंचाळले होते, आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. या तंत्रात नंबर लागत नाही. ठरावीक टॉवरांच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर, ते सायलेंट असले तरी, मोठा आवाज वाजवता येतो. म्हणजे मंडळापुरता इशारा देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्या आवाजाने दचकून अनेकांनी सेटिंगमध्ये जाऊन हे अलर्ट बंद करून टाकले. तुम्हीही केले असतील, तर आज सुरू करा.

पण पाठमोऱ्या माणसापर्यंत फोन पोहोचत नाही, हे वर आलेच आहे. त्याला आवाज लागतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद करायचा प्रघात पाडला. मुलांच्या अभ्यासासाठी गाव भोंग्याचे ऐकते, तर विजेसाठी का ऐकणार नाही? बिबट्या दिसला किंवा चोर आले की एका फोनवरून साऱ्या गावाला कळवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही अनेक जिल्ह्यांत आहे. ग्रामपंचायतीत एका माणसाकडे 'दामिनी' उघडे असलेला फोन, हाताशी भोंग्याचे बटण, आणि एक ठरलेला नियम : वीस किलोमीटरच्या आत वीज दिसली की लांब एक भोंगा, म्हणजे शेत सोडा. अर्ध्या तासाच्या शांततेनंतर दोन छोटे, म्हणजे परत जा.

यात दोन अडचणी आहेत. एक, मजुरी. भोंगा वाजला म्हणून बाई निघाली आणि मुकादमाने अर्धा रोज कापला, तर ती पुढच्या वेळी निघणार नाही. रोजगार हमीच्या कामावर तरी भोंग्याचा वेळ हजेरीत धरण्याचा आदेश सरकारला काढता येईल. दोन, जबाबदारी. पिवळ्या दिवशी भोंगा वाजवला आणि काहीच झाले नाही, तर लोक हसतील; नाही वाजवला आणि कोणी गेले, तर बोल लागेल. म्हणून हा निर्णय एखाद्या शिपायाच्या मर्जीवर न सोडता ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेला असावा.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होतेच, आणि विजांचा मोसमही तोवर सुरू झालेला असतो. विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवावी लागेल : भोंगा कोण वाजवणार, आणि तो बाजाराला गेला असेल त्या दिवशी कोण.